जीपवाल्या पाटणकर वहिनी

ॲन आर्बरच्या मराठी मंडळात सुनेत्रा पाटणकरांची ओळख बरीच वर्षं ‘उल्हासरावांच्या मिसेस, त्या नाही का, रव्याचे लाडू छान करतात’ एवढीच होती. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. शाळेच्या लायब्ररीत अर्धा दिवस नोकरी, सोळा वर्षांची रेखा, घर, अंगणातली मेथी आणि हिवाळ्यात विणकाम. मंडळात बहुतेक डॉक्टरांच्या नि प्रोफेसरांच्या बायका. कुणाचे वडील वकील, कुणाचे मामलेदार. सुनेत्राबाईंना कुणी विचारलंच, तर त्या म्हणत, “पाटबंधारे खात्यात होते.” हे वाक्य त्यांना सासूबाईंनी लग्नाच्या मांडवातच शिकवून ठेवलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्यांचे वडील दत्तोबा त्या खात्यात जीप चालवायचे, एवढं त्यात यायचं राहून जायचं.

कोयनेच्या धरणाचं काम सुरू झालं तेव्हा दत्तोबा ड्रायव्हर म्हणून तिथे गेले आणि सुनेत्राचं सगळं वाढतं वय त्या वसाहतीत गेलं. रविवारी साहेब लोक साताऱ्याला गेले की खडी फोडायच्या यंत्रापलीकडच्या कच्च्या रस्त्यावर दत्तोबा मुलीला जीप शिकवायचे. घरात कुणी विरोध केला नाही, कारण घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. पावसाळ्यात कुंभार्ली घाटातल्या लाल चिखलातून इंजिनिअर लोकांना नेता-आणता दत्तोबा जे शिकले होते, ते त्यांनी सगळं तिला दिलं. “गाडी घसरायला लागली की तिच्याशी भांडू नको,” ते म्हणायचे. “तिला कुठे जायचंय ते आधी बघ, मग तिला समजावून आपल्या रस्त्याला आण.”

याच वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये उल्हास पाटणकर नावाचे एक तरुण इंजिनिअर आले. त्यांनी चिखलातून सरळ निघालेली जीप पाहिली, तिच्या स्टिअरिंगमागे दोन वेण्या पाहिल्या, आणि पुढे सासूबाईंनी कितीही नाकं मुरडली तरी लग्न झालं. अडुसष्ट साली उल्हासराव एम.एस. करायला मिशिगनला आले, ते इथेच राहिले.

आता गंमत अशी, की उल्हासराव मोटारींच्या एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ब्रेकवर संशोधन करायचे. अमुक वेगात ब्रेक दाबला तर गाडी कोरड्या रस्त्यावर किती फूट जाईल, ओल्यावर किती, बर्फावर किती, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ. आणि नेमकं त्यामुळेच, दोन इंच बर्फ पडला की या गृहस्थांच्या तळहातांना घाम सुटायचा.

“ज्यांना माहीत नाही ते बिनधास्त ड्राइव्ह करतात,” ते म्हणायचे. “माझा प्रॉब्लेम हा आहे की मला माहीत आहे.”

ऐंशी सालच्या शरद ऋतूत दोन घरं सोडून राहणारे हॅरल्ड नावाचे म्हातारे शेतकरी फ्लोरिडाला मुलीकडे कायमचे निघाले आणि त्यांनी घरातलं सामान अंगणात विकायला मांडलं. त्यात एक हिरवी जीप होती. फोर व्हील ड्राइव्ह, दाराला पोपडे आलेले, मागच्या सीटवर कुत्र्याचे केस. सुनेत्राबाई चहाचे कप बघायला गेल्या होत्या. जीपपाशी थांबल्या त्या थांबल्याच. हॅरल्डनी किल्ली दिली, तशा आत बसल्या. अठरा वर्षांनी तसला उंच, सरळ दांड्याचा गिअर हाताला लागला.

“अहो,” घरी येऊन त्या म्हणाल्या, “मी कप नाही आणले.”

उल्हासरावांनी खिडकीतून पाहिलं. “हिचे ब्रेक्स कधी चेक केलेत?”

“तुम्ही करा ना. तुमचा तोच जॉब आहे.”

त्यांनी शनिवार-रविवार घालवून खरंच सगळे ब्रेक खोलून पुन्हा बसवले.

त्या डिसेंबरात वाणसामानाच्या दुकानातल्या फळ्यावर सुनेत्राबाईंना एक कागद दिसला. ‘तुमच्याकडे फोर व्हील ड्राइव्ह गाडी आहे का? हिमवादळात नर्सेसना, डॉक्टरांना, औषधांना हॉस्पिटलपर्यंत पोचवायला मदत कराल का?’ खाली काउंटीच्या आपत्कालीन केंद्राचा पत्ता होता. त्यांनी तो पत्ता दुधाच्या यादीखाली लिहून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लायब्ररीतून परस्पर तिकडे गेल्या.

केंद्र म्हणजे अग्निशमन केंद्रामागची एक खोली. तिथे मार्ज नावाच्या पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या बाई दोन फोन आणि एक रेडिओ सांभाळत होत्या. त्यांनी सुनेत्राबाईंकडे पाहिलं, कोटाखालून डोकावणाऱ्या साडीच्या काठाकडे पाहिलं आणि गोड हसून विचारलं, “मिस्टर कधी येऊ शकतील, डिअर?”

“ते बर्फात चालवत नाहीत,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “ते ब्रेकचे तज्ज्ञ आहेत.”

मार्जला याचा अर्थ लागला नाही. पण कोपऱ्यात कॉफी पीत बसलेला ड्वेन नावाचा दाढीवाला धिप्पाड माणूस खो खो हसला. तो या स्वयंसेवकांचा म्होरक्या. “चला,” तो म्हणाला, “मागच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून दाखवा.”

मागे पार्किंगमध्ये पटांगणभर साफ केलेल्या बर्फाचा कंबरेएवढा बांध होता. अशा जीपच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक खटका असतो. खाली उतरून तो हाताने फिरवला नाही, तर आत कुठलाही गिअर टाका, पुढची चाकं नुसती सोबतीला फिरतात, ओढत नाहीत. नवशिके तिथेच फसतात. सुनेत्राबाई उतरल्या, साडीचा घोळ एका हातात धरून वाकल्या, डावा खटका फिरवला, उजवा फिरवला, पुन्हा चढल्या आणि पहिल्या गिअरमध्ये, अजिबात घाई न करता, त्या बांधावरून पलीकडे गेल्या. मग रिव्हर्समध्ये त्याच चाकोरीतून परत आल्या.

 आत जाऊन ड्वेनने यादीत नाव लिहिलं. त्याने लिहिलेलं ‘पाटणकर’ बघून ते कुठल्या भाषेतलं असावं असा प्रश्न पडला असता, पण लिहिलं.

पुढे रेडिओ आला. ट्रकवाले रस्त्यावर एकमेकांशी बोलतात तसला सीबी रेडिओ जीपमध्ये बसला, आणि दुसरा पाटणकरांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी. कारण गाडीत बसायचं नाही म्हणून बायको एकटी जाणार आणि आपण घरात येरझारा घालणार, हे उल्हासरावांना झेपण्यातलं नव्हतं. त्यांनी काउंटीचा मोठा नकाशा आणून भिंतीला लावला, रंगीत टाचण्या आणल्या आणि कुठला रस्ता बंद, कुठला उघडा, याचा हिशेब ठेवायला सुरुवात केली. महिनाभरात मार्ज स्वतःच त्यांना रेडिओवर विचारायला लागली. रेडिओवर प्रत्येकाला एक टोपणनाव लागतं. सुनेत्राबाईंनी ‘कोयना’ सांगितलं. अमेरिकन तोंडात त्याचं ‘कॉयना’ झालं. उल्हासरावांना ड्वेनने परस्पर ‘ब्रेकमॅन’ करून टाकलं.

रेखाला हे सगळं भयंकर वाटायचं. “Mom, nobody’s mother does this,” ती म्हणायची. पण मैत्रिणींना फोनवर तेच सांगताना सुनेत्राबाईंनी तिला दोनदा ऐकलं होतं.

पहिला हिवाळा तसा साधाच गेला. पहाटेच्या पाळीच्या नर्सेसना घरून उचलायचं, सुटलेल्यांना पोचवायचं. डोलोरिस नावाची एक नर्स जीपमध्ये बसली की घाबरून मोठ्याने प्रार्थना म्हणायची. चौथ्या खेपेला ती प्रार्थना विसरून केळ्याच्या केकची कृती सांगायला लागली, तेव्हा सुनेत्राबाईंना बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

मंडळात मात्र याची फारशी वाच्यता नव्हती. कुणी तरी म्हटलं होतं, “पाटणकर वहिनी हिवाळ्यात काहीतरी व्हॉलंटिअर करतात म्हणे.” त्यावर मंडळाच्या अध्यक्षा वीणाताई कर्वे “हो का? छान!” म्हणाल्या होत्या आणि पुढे दिवाळीच्या हॉलचा विषय निघाला होता. वीणाताई म्हणजे डॉक्टर श्रीरंग कर्व्यांच्या पत्नी. डॉक्टर हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. गावाबाहेर टेकाडावर मोठं घर, आणि दारात लांबलचक काळी गाडी.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू वीणाताईंच्या या घरी ठरलं. संक्रांत गुरुवारी, म्हणून कार्यक्रम शनिवारी सकाळी अकराला. सकाळपासूनच बर्फ भुरभुरत होता. हळदीकुंकू कॅन्सल करायचं का, यावर बरीच फोनाफोनी झाली, पण तिळगूळ झालेला, वाण आणलेलं, काळ्या साड्या इस्त्री करून ठेवलेल्या. शेवटी सगळ्या आल्या. नवऱ्यांनी त्यांना दारात सोडलं आणि मागे वळून न बघता पळ काढला. सुनेत्राबाई आपली आपण जीप घेऊन आल्या. पायात शिकारी लोक घालतात तसे गुडघ्यापर्यंतचे बूट होते. ते त्यांनी दारातच काढून ठेवले.

अकरा बायका झाल्या. हळदीकुंकू लागलं, उखाणे सुरू झाले. नागपूरकडच्या एका वहिनींनी इतका लांब उखाणा घेतला की मधेच कुणीतरी जाऊन चहाचं आधण ठेवून आलं. खिडकीबाहेर बघितलं तर समोरची पाइनची झाडं दिसेनाशी झाली होती.

साडेबाराला फोन वाजला. वीणाताईंनी घेतला आणि म्हणाल्या, “सुनेत्रा, तुमच्या मिस्टरांचा आहे.”

उल्हासरावांचा आवाज अगदी सपाट होता. काळजी वाटली की त्यांचा आवाज असाच व्हायचा. “ऐक. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला अ‍ॅक्सिडेंट झालाय. पोटात ब्लीडिंग आहे. तो हॉस्पिटलात पोचलाय, सर्जन आहेत, पण आतला भूलतज्ज्ञ दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलाय. ऑन कॉल श्रीरंग आहेत. ते घरून निघाले ना?”

सुनेत्राबाईंनी फोनवर हात ठेवून वीणाताईंना विचारलं. डॉक्टरांना पावणेबाराला हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं. उखाण्यांच्या गडबडीत ते मागच्या दाराने गेलेही होते.

“पाऊण तास झाला,” सुनेत्राबाई फोनमध्ये म्हणाल्या.

“पोचले नाहीत ते. ड्वेन उत्तरेला आहे, त्याला इथे यायला तास लागेल. सगळ्यात जवळ तूच आहेस.” मग थोडं थांबून, “गाडी तापवून घे. आणि रेडिओ चालू ठेव.”

वीणाताईंचा चेहरा पांढरा पडला होता. सुनेत्राबाईंनी पदर कमरेला खोचला, निऱ्या वर ओढून घट्ट बसवल्या, बूट चढवले, त्यावर उल्हासरावांचा जुना जाड कोट. काळी चंद्रकळा, नाकात नथ, डोक्याला लोकरीची टोपी. नथ काढायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

“मी येऊ?” वीणाताईंनी विचारलं.

“तुम्ही इथेच थांबा, ताई. फोनपाशी. आणि एक थर्मास चहा द्या.”

टेकाड उतरून सपाटीवर आल्यावर वारा अंगावर आला. दोन्ही बाजूंना उघडी शेतं, आणि त्यावरून बर्फ आडवा वाहत होता. रस्ता कुठला आणि शेत कुठलं, काही कळत नव्हतं. सुनेत्राबाईंनी जीप माणसाच्या चालीने घेतली. मैलभर गेल्यावर उजवीकडच्या चरात बर्फाचा एक लांबट ढीग दिसला, आणि त्या ढिगाला एक मागचा लाल दिवा होता.

त्या उतरून धावल्या. आधी गाडीमागे गेल्या. धूर सोडायची नळी बर्फात पूर्ण गाडली गेली होती आणि इंजिन चालू होतं. त्यांनी काचेवर दणदण हात मारले. “डॉक्टर! इंजिन बंद करा! आधी बंद करा!”

इंजिन थांबलं. दार अर्धवट उघडलं. आतून डॉक्टर श्रीरंग कर्वे, थ्री-पीस सूट, गळ्यात मफलर, यांनी वर पाहिलं. समोर नथ घातलेली बाई उभी होती.

“वहिनी?” ते म्हणाले. “हळदीकुंकू संपलं का?”

“बाहेर या. मोकळी हवा घ्या. डोकं दुखतंय?”

“थोडं.” ते बाहेर आले, दोन-चार मोठे श्वास घेतले, आणि मग मागची नळी पाहून त्यांना समजलं. “माय गॉड. मी हीटर चालू ठेवून बसलो होतो. आणि मी स्वतः...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माणसाला बेशुद्ध करणाऱ्या वायूंवर ज्यांनी पंचवीस वर्षं घालवली, त्यांनी ते वाक्य पुरं करायची गरजही नव्हती.

जीपची खिडकी बोटभर उघडी ठेवून सुनेत्राबाईंनी त्यांना चहा दिला आणि गाडी काढली. “कोयना टू ब्रेकमॅन. डॉक्टर सापडले. ठीक आहेत.”

“ब्रेकमॅन टू कोयना.” मागे उल्हासरावांनी सोडलेला मोठा श्वास रेडिओवर ऐकू आला. “डावीकडचा मोठा रस्ता बंद आहे. सरळ या, चर्चवरून.”

सरळ म्हणजे दोन मैल शेतांतून. पुढचं काही दिसेना. “डॉक्टर,” सुनेत्राबाई म्हणाल्या, “तुमच्या बाजूला रस्त्याच्या कडेला लोकांच्या टपालपेट्या असतात खांबावर. दिसली की ओरडा. त्यावरून मला कड कळेल.”

“ओके.” ते काच पुसून बाहेर बघू लागले. मग डॉक्टर एकदम ओरडले, “पेटी!”

“किती लांब?”

“हातभर! वहिनी, हातभर!”

सुनेत्राबाईंनी जीप डावीकडे घेतली. “छान. आता पुढची.”

“पेटी! ...पेटी! ...ही पेटी नाही, ही कचऱ्याची कुंडी आहे, सॉरी!” ज्यांच्या समोर शिकाऊ डॉक्टर चळचळा कापत, ते श्रीरंग कर्वे काचेला नाक लावून शाळकरी पोरासारखे ओरडत होते. पाचव्या पेटीपर्यंत त्यांना त्यात चक्क मजा वाटायला लागली होती.

चर्चच्या अलीकडे रस्त्यावर वाऱ्याने बर्फाचा आडवा ढिगारा रचला होता, तीस-चाळीस फूट रुंद. सुनेत्राबाईंनी हळू गाडी घातली. दहा फुटांवर चाकं खोदायला लागली, तशी लगेच पाय काढला आणि आल्या चाकोरीतून मागे आणली.

“अडकलो?” डॉक्टरांनी विचारलं.

“अजून नाही. उतरा. तुमच्याकडे पेन आहे?”

“पेन?”

“चाकांतली हवा कमी करायची आहे. चाकाला थोडं पोट सुटलं की ते पसरून चालतं, खोदत नाही. घाटातल्या चिखलात असंच करायचे. मागची दोन तुम्ही, पुढची मी.”

डॉक्टर सूट घालून बर्फात गुडघे टेकून बसले आणि पेनच्या टोकाने वाल्व्ह दाबून धरला. सूंऽऽ करून हवा सुटली.

“किती सोडू?”

“निम्मी. जास्त नको, नाहीतर टायर रिममधून निघेल.”

“काळजी नको, वहिनी,” वाऱ्यातून डॉक्टरांचा आवाज आला. “कुणाला किती गॅस, हाच माझा धंदा आहे.”

सुनेत्राबाई पुढच्या चाकापाशी वाकलेल्या, त्या तशाच हसल्या.

पुन्हा आत बसून त्यांनी खालचा गिअर टाकला. थांबायचं नाही, पळवायचंही नाही. जीप ढिगाऱ्यात शिरली, डावीकडे सरकायला लागली, आणि त्यांनी तिला थोडी सरकू दिली. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. मग स्टिअरिंग अलगद वळलं, पुढच्या चाकांनी काहीतरी घट्ट पकडलं, आणि हेलकावा खात गाडी पलीकडे उतरली. समोर चर्च होतं आणि त्यापुढे साफ केलेला रस्ता.

डॉक्टरांनी डॅशबोर्डवरचे हात काढले. मग म्हणाले, “वहिनी, हे कुठे शिकलात?”

वीस वर्षं तयार असलेलं वाक्य सुनेत्राबाईंच्या ओठांवर आलं. पण हात स्टिअरिंगवर होते, नजर रस्त्यावर होती, आणि ते वाक्य नीट जुळवायला सवड नव्हती.

“माझे वडील ड्रायव्हर होते,” त्या म्हणाल्या. “कोयनेला. सरकारी जीपवर.”

“त्यांना माझा नमस्कार सांगा.”

“वारले ते. चौऱ्याहत्तर साली.”

डॉक्टरांनी थर्मासच्या झाकणातला उरलेला चहा संपवला. “तरी सांगा,” ते म्हणाले.

हॉस्पिटलच्या दारात नर्स उभीच होती. डॉक्टर उतरले ते धावतच आत गेले. त्यांच्या पँटीचे गुडघे ओले होते आणि पेन जीपमध्ये राहिलं. सुनेत्राबाई अँब्युलन्सच्या गॅरेजमध्ये गेल्या. तिथल्या माणसांनी त्यांच्या नथीकडे टक लावून बघत चारी चाकांत हवा भरून दिली. मार्जकडून लगेच पुढचं काम आलं, दोन नर्सेस आणायच्या होत्या. मग एका म्हातारबाबांना मूत्रपिंडाच्या मशीनसाठी. मग रक्ताच्या पिशव्यांचा एक खोका.

चार वाजता रेडिओवर उल्हासरावांनी सांगितलं की ऑपरेशन नीट झालं, बर्फगाडीचा ड्रायव्हर शुद्धीवर येतोय आणि त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर त्याचा राहिलेला रस्ता कुणी साफ केला. तेव्हा सुनेत्राबाई सिग्नलला उभ्या होत्या. समोर ना गाडी ना माणूस. त्या एकट्याच मोठ्याने “बरं झालं, बाई!” म्हणाल्या आणि सिग्नल हिरवा झालेला त्यांना कळलाच नाही.

उजेड होता तोवर डॉक्टरांना घेऊन त्या टेकाडावर पोचल्या. अडकून पडलेल्या दहा बायकांनी तोवर वीणाताईंचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. मसालेभात शिजला होता, वाणाचे डबे उघडून त्यांतच वाढणं चाललं होतं. डॉक्टर दारातूनच सांगायला लागले. टपालपेट्या, चाकांची हवा, बर्फाचा ढिगारा. “आणि माहीत आहे का,” शेवटी ते म्हणाले, “वहिनींचे वडील धरणावर जीप ड्रायव्हर होते! उगाच नाही!”

सुनेत्राबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. 

मग वीणाताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. दुपारपासून रडून त्यांचं काजळ पसरलं होतं आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. “सुनेत्रा,” त्या म्हणाल्या, “चौदा वर्षं झाली मला या देशात. बर्फ पडला की मी यांच्या गाडीची वाट बघत खिडकीत उभी राहते. आज मला इतका राग आला स्वतःचा. मला शिकवशील?”

वीणाताईंनी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी उडी मारली, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

“मला पण,” नागपूरच्या वहिनी म्हणाल्या. “पण माझे हात कापतात, आधीच सांगते.”

“माझ्या मिस्टरांचेही कापतात,” सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि हास्याचा असा स्फोट झाला की भाताचं पातेलं उचलायला गेलेली बाई खालीच बसली.

त्या दिवशी तीन खेपा करून त्यांनी सगळ्यांना घरी सोडलं. एकेका खेपेला तिघी-चौघी काळ्या साड्या नेसून, मांडीवर वाणाचे डबे घेऊन, वळणावळणाला किंचाळत. मार्जला रेडिओवर तो आवाज ऐकू गेला, तेव्हा तिने काळजीने विचारलं की गाडीत कुणी जखमी आहे का. उल्हासरावांनी तिला सांगितलं की नाही, ही आमच्या मंडळाची कार्यकारिणी आहे.

त्याच महिन्यात सुनेत्राबाईंनी पुण्याला भावाकडे पत्र पाठवून दत्तोबांचा फोटो मागवला. ड्रायव्हरच्या खाकी कपड्यातला, जीपच्या बॉनेटला टेकून काढलेला एकच फोटो होता. तो आला तो त्यांनी दिवाणखान्यात लावला, सासूबाईंच्या फोटोशेजारी.

पुढच्या डिसेंबरपासून रविवारी सकाळी अग्निशमन केंद्रामागच्या पार्किंगमध्ये मराठी बायकांचा क्लास भरू लागला. ड्वेन दाढी खाजवत बघत उभा राहायचा. शिकवणं सुनेत्राबाईंचं आणि थिअरी उल्हासरावांची. ते खडूने फळ्यावर आकृत्या काढून घसरण्याचं शास्त्र समजावत, आणि बायका त्यांना “भावजी, आता पुरे, आम्हाला अजून भीती वाटायला लागली” म्हणून गप्प करत. नागपूरच्या वहिनींचे हात कापायचे थांबले. तिघींनी आपापल्या घरी फोर व्हील ड्राइव्ह घ्यायला लावली. डॉक्टरांनी ती लांबलचक काळी गाडी विकून वीणाताईंसाठी एक लाल जीप घेतली आणि स्वतः तिच्यात शेजारच्या सीटवर बसून कामावर जायला लागले.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत वीणाताईंची पहिली स्वतंत्र खेप लागली. काम सोपं होतं. एका गल्लीतल्या घरून नर्सला उचलून हॉस्पिटलात सोडायचं. सुनेत्राबाई त्या दिवशी तापाने घरी होत्या, त्यामुळे स्वयंपाकघरात रेडिओशेजारी शाल पांघरून बसल्या होत्या. वीणाताईंचा आवाज आला, धापा टाकत, पण विजयी. “प्रेसिडेंट टू ब्रेकमॅन! मिशन कम्प्लीट! नर्सला सोडलं! मेल नर्स होता, फार शांत माणूस, वाटेत एक शब्द बोलला नाही!”

उल्हासरावांनी कागद पाहिला. “ताई, नर्सचं नाव बार्बरा आहे.”



नंतर उलगडा झाला. तो बिचारा आपल्या दारातला बर्फ फावड्याने काढत उभा होता. वीणाताईंनी गाडी थांबवून मोठ्या अधिकाराने “बसा, बसा, उशीर होतोय!” म्हटलं. लाल जीप, छपरावर फिरता दिवा, आत ठासून बोलणाऱ्या बाई. त्याला वाटलं सरकारी हुकूम असणार. तो फावड्यासकट बसला. हॉस्पिटलात कुणी विचारलं, तर तोही काही सांगू शकेना. शेवटी त्यांनी त्याला कॉफी दिली आणि माणसं कमीच होती म्हणून अँब्युलन्सच्या रॅम्पवरचा बर्फ काढायला लावलं. तो त्याने दिवसभर, अगदी मनापासून काढला.

खरी नर्स बार्बरा तेव्हा शेजारच्याच दारात वाट बघत उभी होती. तिला आणायला वीणाताई पुन्हा निघाल्या, तेव्हा सुनेत्राबाईंनी ताप विसरून रेडिओ हातात घेतला.

“वीणा,” त्या म्हणाल्या, “या वेळी आधी नाव विचार हं.”

“विचारते. आणि सुनेत्रा, त्या माणसाला संध्याकाळी घरी मीच सोडणार आहे. त्याने स्वतःच सांगितलंय, दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसणार नाही म्हणून.”

उल्हासरावांनी नकाशावर एक नवी टाचणी टोचली आणि सुनेत्राबाईंच्या पुढ्यात गरम पेजेची वाटी ठेवली.